नळ बंद केला, पण हवा गेली का? हवेवरच्या रिव्हेट गनची सगळी गोष्ट

एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा गावात रेंजच नव्हती, अशांसाठी नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. चार-दोन 'म्हणजे म्हणजे' काढून टाकलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय सेनगावकडच्या एका पोराने सुचवला. त्याचा मेसेज होता, "दादा, कामावर हवेवरची रिव्हेट गन हातात दिली. चालवायला पाच मिनिटांत शिकवली. पण ती अडकली की काय करायचं, हे कुणी सांगत नाही. मिस्त्रीला विचारलं की ओरडतो."

हा मेसेज वाचून मला माझे पहिले दिवस आठवले. म्हणून आज फक्त हाच विषय. गन कशी चालते, कशी सांभाळायची, आणि तिच्यापासून स्वतःला कसं सांभाळायचं.

एसटीच्या अंगावरच्या टिकल्या

आधी एक काम करा. हिंगोली, वसमत नाहीतर कळमनुरीच्या स्टँडवर एखादी जुनी लाल एसटी दिसली तर तिच्या पत्र्याकडे जवळून बघा. एका ओळीत बारीक गोल टिकल्या दिसतील. त्या टिकल्या म्हणजे रिव्हेटांची डोकी. आपल्याकडे कुणी रिबेट म्हणतं, कुणी रिबिट म्हणतं, वस्तू तीच.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली. महामंडळाच्या स्वतःच्या तीन मोठ्या कार्यशाळा आहेत: पुण्याची दापोडी, संभाजीनगरची चिकलठाणा आणि नागपूरची हिंगणा. कंपनीकडून नुसती चासी यायची आणि तिच्यावर बॉडी इथं बांधली जायची. कितीतरी वर्षं ही बॉडी ॲल्युमिनियमची असायची. गेल्या काही वर्षांत माईल्ड स्टीलच्या बॉड्या आल्या.

आता ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा साध्या वेल्डिंगने जोडायला जा. तो वाकतो, नाहीतर त्याला भोक पडतं. नट-बोल्ट लावायचा तर मागून पाना धरायला माणूस पाहिजे, आणि गाडीच्या हादऱ्याने नट ढिला होतो तो वेगळाच. रिव्हेट एकदा बसला की बसला. म्हणून एसटीच्या अंगावर टिकल्या.

हेच काम आज आपल्या जिल्ह्यात गल्लोगल्ली चालतं. ॲल्युमिनियमच्या खिडक्या, दुकानांचे एसीपी बोर्ड, पत्र्याचे शेड, टेम्पोच्या बॉड्या. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला, पण मोठे कारखाने इथं फार नाहीत. आयटीआय झाल्यावर पोरं-पोरी वाळूजला, चाकणला जातात, आणि तिथं पहिल्याच आठवड्यात अशी एखादी गन हातात येते. म्हणून ही माहिती तिथं जायच्या आधीच खिशात असलेली बरी.

गन दोन प्रकारची असते, आधी ओळखा

हवेवरची रिव्हेट गन म्हटलं की दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली पॉप रिव्हेटची गन. ही ओढते. पॉप रिव्हेट म्हणजे एक पोकळ नळी आणि तिच्यातून गेलेला लांब खिळा. खिळ्याच्या एका टोकाला गोल डोकं असतं. रिव्हेट भोकात घातला की डोकं पत्र्याच्या पलीकडे जातं. गन खिळा पकडून आपल्याकडे ओढते. पलीकडचं डोकं नळीला दाबून फुगवतं, आणि ठरलेला ताण आला की खिळा 'टक' करून तुटतो. तुटलेली शेपटी गनमध्ये मागे जाते आणि मागच्या बाटलीत पडते. एकाच बाजूने काम होतं, मागे माणूस लागत नाही. खिडक्या, बोर्ड, शेड सगळीकडे हीच.

दुसरी रिव्हेट हॅमर. ही ठोकते. यात रिव्हेट भरीव असतो. एका बाजूने गन धडधड ठोकते आणि दुसऱ्या बाजूला जोडीदार लोखंडाचा जड ठोकळा धरून उभा असतो. त्याला डॉली म्हणतात. विमानाच्या कामात हा प्रकार फार वापरतात. आपल्याकडे नाशिकजवळ ओझरला एचएएलचा विमान कारखाना आहे, तिकडे नोकरीचं स्वप्न असेल तर या हॅमरशी ओळख करून घ्यावीच लागेल.

आपल्यातल्या बहुतेकांच्या हातात पहिली गन येते, म्हणून जास्त बोलणं तिच्याबद्दल. हॅमरचं मधेमधे सांगतो.

एवढीशी गन, ताकद एक टनाची

पॉप गन हातात घेतली की दोन-अडीच किलोची वाटते. ट्रिगर तर बोटभर दाबाने चालतो. इथंच पोरं फसतात. वाटतं, यात काय एवढं?

हिशोब करू. टायरवाल्याकडे आपण हवा पौंडात मोजतो. मोटारसायकलच्या चाकात साधारण ३० पौंड. या गनला लागते साधारण ६ बार, म्हणजे जवळपास ९० पौंड. ६ बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण ६ किलोचा दाब. गनच्या खालच्या भांड्यात समजा ८ सेंटिमीटर व्यासाचा पिस्टन आहे. त्याचं क्षेत्रफळ होतं ५० चौरस सेंटिमीटर. म्हणजे हवा त्याला ३०० किलोने ढकलते.

हा पिस्टन वरच्या बारीक दांड्याने तेल दाबतो. दांड्याचं क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर धरलं तर तेलातला दाब झाला १०० किलो दर चौरस सेंटिमीटर. आणि हे तेल गनच्या डोक्यातला १० चौरस सेंटिमीटरचा पिस्टन मागे ओढतं. १०० गुणिले १०, म्हणजे १००० किलो. एक टन!

आकडे समजण्यापुरते धरलेत, प्रत्येक गनचे वेगळे असतात. पण तत्त्व हेच, पास्कलचा नियम. शाळेत वाटलं होतं की हा कुठं कामी येणार. आला बघा.

म्हणजे तुमच्या हातात हवा आहे, तिच्या वर तेल आहे, आणि दोन्ही दाबाखाली आहेत. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे सगळे नियम पाठ करावे लागत नाहीत, आपोआप सुचतात.

मी काय चूक केली होती

आता माझी गोष्ट. कुठला कारखाना ते सोडा, महत्त्वाचं नाही.

माझा दुसराच आठवडा. गन अडकली. खिळा जबड्यात फसला होता, पुढेही येईना, मागेही जाईना. मिस्त्री जेवायला गेलेले. मी हुशारी केली. भिंतीवरचा हवेचा वॉल्व्ह बंद केला, मागची बाटली काढली, आणि कुठं अडकलाय ते बघायला मागच्या भोकातून डोळा लावायला निघालो. गन फिरवताना बोट ट्रिगरला लागलं.

टक!

खिळ्याची शेपटी माझ्या कानाजवळून गेली आणि मागच्या पत्र्यावर आदळली. तो आवाज अजून आठवतो. अर्धं सेकंद उशीर झाला असता तर माझा डोळा त्या भोकावर होता.

मिस्त्री आले. ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "टाकीचा नळ बंद केला की पाइपातलं पाणी लगेच जातं का रे?"

नाही जात. हवाही जात नाही. आठ मिलिमीटर आतल्या व्यासाचा १० मीटर पाइप घ्या. त्यात अर्धा लिटर जागा असते. ६ बार दाबाने भरला तर त्यात बाहेरच्या मापाने तीन लिटरहून जास्त हवा कोंबलेली असते. वॉल्व्ह बंद केल्यावरही गनला एखादा झटका द्यायला तेवढी पुरते. मला तोच झटका मिळाला होता.

आपल्या वसमत भागात हळद शिजवताना बघितलंय ना? खालचा जाळ काढला म्हणून कुणी लगेच झाकण उघडतं का? वाफ पूर्ण सोडतात, मगच हात लावतात. हळदीच्या कुकरला जे कळतं ते गनलाही लागू आहे.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे: आधी हवा तोडा, मग हात लावा. आणि हवा तोडणं म्हणजे एक काम नाही, तीन कामं, याच क्रमाने:

१. वॉल्व्ह बंद करा.
२. बाटली जागेवर असताना, गनचं तोंड रिकाम्या जागेकडे जमिनीच्या दिशेने धरून, ट्रिगर दाबत राहा. गन निपचित पडेपर्यंत.
३. पाइपाचं टोक हातात घट्ट धरून कपलिंग काढा. गन आणि पाइप वेगळे झाले पाहिजेत.

तिसरं काम झाल्याशिवाय नोजल बदलायचं नाही, जबडे खोलायचे नाहीत, तेलाच्या स्क्रूला हात लावायचा नाही. दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. आणि दाब असताना कपलिंग काढलं तर पाइप सापासारखा फटके मारतो. तोंडावर बसला तर दात जातात.

काम सुरू करायच्या आधी

सकाळी गन हातात घेतली की पाच गोष्टी बघा. तीन मिनिटं लागतात.

डोळ्यांवर गॉगल आहे का? साधा, बाजूने झाकलेला. शंभर-दीडशे रुपयांत मिळतो. नुसता नंबरचा चष्मा चालत नाही, बाजूने तुकडा आत येतो. पायात बूट, चप्पल नाही. ड्रिलने भोक पाडणार असाल तर गळ्यातली दस्ती आणि हातातला दोरा काढून ठेवा. ड्रिलवर हातमोजेही नकोत, तेही गुंडाळले जातात.

दाब किती आहे? कॉम्प्रेसरची टाकी आठ-दहा बारपर्यंत भरते, पण गनला साधारण ५ ते ७ बारच लागतात. नेमका आकडा गनवर किंवा तिच्या पुस्तकात असतो. मधे रेग्युलेटर असलाच पाहिजे. "दाब वाढव, रिव्हेट चांगला बसतो" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. रिव्हेट त्याच्या ठरलेल्या ताणालाच तुटतो. जास्त दाबाने फक्त सील फाटतात आणि झटका वाढतो.

पाइप कसा आहे? फुगलेला, चिरलेला, टेप गुंडाळलेला पाइप नको. आणि महत्त्वाचं म्हणजे हवेच्या लाईनला पाण्याचा पीव्हीसी पाइप अजिबात नको. पाण्यात तो फुटला तर गळतो. दाबाच्या हवेत फुटला तर त्याचे तुकडे काचेसारखे उडतात. छोट्या गॅरेजांत हा पाइप सर्रास दिसतो, म्हणून मुद्दाम सांगतोय.

मागची बाटली बसलीय का? बाटलीशिवाय गन चालवायची नाही. ती अर्धी भरली की रिकामी करा. गच्च भरली की शेपट्या आत अडकायला लागतात आणि मग गन फसते. आणि शेपट्या जमिनीवर टाकू नका. त्यांच्यावरून पाय असा घसरतो की बस्स.

नोजल बरोबर आहे का? रिव्हेटाचे नेहमीचे व्यास ३.२, ४ आणि ४.८ मिलिमीटर. प्रत्येकाला वेगळं नोजल. नोजल मोठं लावलं तर खिळा डगमगतो आणि जबडे वाकडे धरतात. गन बिघडायचं हे मोठं कारण.

रिव्हेट मारताना

भोक रिव्हेटापेक्षा अगदी जराच मोठं असावं. ३.२ ला ३.३ चा ड्रिल, ४ ला ४.१, ४.८ ला ४.९. भोक ढगळ झालं तर रिव्हेट हलत राहतो, आणि पावसाळ्यात तिथूनच पाणी गळतं.

लांबी बघा. खोक्यावर लिहिलेलं असतं की हा रिव्हेट किती जाडीच्या पत्र्यासाठी आहे. दोन पत्र्यांची मिळून जाडी त्या आकड्यांच्या आत आली पाहिजे. आखूड रिव्हेट वरून छान दिसतो, पलीकडे नीट फुगलेलाच नसतो. गाडीच्या बॉडीत असा रिव्हेट म्हणजे महिनाभराचा पाहुणा.

गन पत्र्याला काटकोनात धरा. तिरपी धरली की रिव्हेटाचं डोकं एका बाजूने उचललेलं राहतं. तोंड पत्र्याला पूर्ण टेकलं की मग ट्रिगर. पत्रा आणि रिव्हेटाच्या मधे बोट नको. खिळा तुटताना हलका झटका बसतो, म्हणून मनगट सैल सोडू नका. शेडवर, शिडीवर असाल तर आधी पायांची जागा नीट करा. गन पाइपाला धरून वर ओढायची नाही.

आणि गनच्या मागच्या रेषेत कुणाचं तोंड नको. तुमचंही नको, हेल्परचंही नको.

हॅमर असेल तर आणखी दोन गोष्टी. एक, हॅमरच्या तोंडात जो ठोकणारा तुकडा बसतो, त्याला धरून ठेवणारी स्प्रिंग असते. स्प्रिंगशिवाय हॅमर चालवला, किंवा तोंड हवेत असताना ट्रिगर दाबला, तर तो तुकडा गोळीसारखा सुटतो. म्हणून आधी टेकवा, मग दाबा. दुसरं, जोडीदाराशी खूण ठरवा. आधी डॉली बसते, मग गन सुरू. आधी गन थांबते, मग डॉली निघते. आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून खूण हाताने किंवा पत्र्यावर टकटक करून. कानात प्लग पाहिजेतच.

हॅमरचा हादरा रोज तासन् तास घेतला तर काही जणांची बोटं सकाळच्या थंडीत पांढरी पडतात, मुंग्या येतात, बटण लावता येत नाही. याला वाऱ्याचा त्रास म्हणून सोडून देऊ नका. सुरुवातीलाच काम बदलून घेतलं तर बरं होण्याची आशा असते. उशीर केला तर कायमचं राहू शकतं.

हवेशी मस्करी नाही

हे जरा गंभीरपणे ऐका. काम संपलं की बरेच जण हवेच्या नळीने अंगावरची धूळ उडवतात. करू नका. कण डोळ्यांत घुसतात, आणि कातडीला जखम असेल तर हवा आत शिरू शकते.

त्याहून वाईट म्हणजे मित्राच्या अंगात मागून हवा सोडायची 'गंमत'. आतडी फुटून पोरं मेली आहेत, आपल्याच देशात, एकदा नाही, बरेचदा. सोडणारा हसत होता, आणि नंतर जेलमध्ये गेला. कुणी असं करताना दिसलं तर हसू नका, त्याचा हात धरा.

रोजची निगा, आठवड्याची निगा

आता सांभाळण्याचं. चांगली बातमी अशी की गन फार काही मागत नाही.

रोज संध्याकाळी टाकीतलं पाणी काढा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा दमट असते. ती कॉम्प्रेसरमध्ये दाबली की तिच्यातलं पाणी टाकीत साचतं. खालचा कॉक हळूच उघडा, तांबूस पाणी येईल. ते तसंच राहिलं तर दोन नुकसानं होतात. पाणी गनमध्ये जाऊन सील आणि पिस्टन खराब करतं, आणि टाकी आतून गंजून पातळ होते. पातळ झालेली टाकी बाहेरून चांगलीच दिसते, फुटेपर्यंत. म्हणून टाकीची ठरावीक काळाने जाणकाराकडून तपासणी झाली पाहिजे, आणि सेफ्टी वॉल्व्ह मोकळा पाहिजे. तो फुसफुसतो म्हणून त्याला पाचर मारून बंद करणं म्हणजे घरात बॉम्ब ठेवणं.

लाईनवर फिल्टर, रेग्युलेटर आणि तेलाची वाटी अशी तिघांची जोडणी असते. शॉपमध्ये तिला एफआरएल म्हणतात. फिल्टरच्या वाटीत पाणी दिसलं की काढा. हॅमरला शिफ्ट सुरू करायच्या आधी हवेच्या तोंडातून हवेच्या हत्यारांचं तेल तीन-चार थेंब द्या. पॉप गनचं मात्र पुस्तक बघा, कारण काही कंपन्या हवेत तेल द्या म्हणतात, काही नको म्हणतात.

आठवड्यातून एकदा पॉप गनचे जबडे साफ करा. हवा तोडून, हं! तिन्ही कामं करून. नोजल काढा, पुढचं आवरण खोला, जबड्याचे तुकडे बाहेर येतील. त्यांच्या दातांत खिळ्यांचा बारीक चुरा बसलेला असतो. बारीक ब्रशने काढा, तेलाचं बोट लावा, परत बसवा. कोणता तुकडा कुठं होता हे विसरायची भीती वाटते ना? खोलताना प्रत्येक पायरीला मोबाईलने फोटो काढा. मोबाईलचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

तेल कमी वाटलं तर पुस्तकात सांगितलेलं हायड्रॉलिक तेलच भरा. घरचं शिवणयंत्राचं नको, गाडीचं ब्रेक ऑइल तर मुळीच नको, त्याने रबरी सील फुगतात. हवा जोडलेली असताना तेलाचा स्क्रू उघडला तर तेल पिचकारीसारखं उडतं. दाबाचं तेल कातडीत घुसलं तर जखम टाचणीएवढी दिसते आणि आत सगळं सडू शकतं. असं झालं तर दुखत नसलं तरी ताबडतोब दवाखान्यात, आणि डॉक्टरला स्पष्ट सांगायचं की दाबाचं तेल घुसलंय.

गन काय सांगतेय ते ओळखा

गन बिघडायच्या आधी बोलते. तिचं बोलणं असं असतं:

खिळा घसरतो, पकड लागत नाही. जबडे घाण झालेत किंवा झिजलेत. आधी साफ करा, तरी घसरला तर जबडे बदला.

एका रिव्हेटला दोन-तीन वेळा ट्रिगर दाबावा लागतो. तेल कमी झालंय किंवा तेलात हवा शिरलीय. म्हणून ओढ पूर्ण होत नाही. आधी दाबाचा काटा बघा, तो बरोबर असेल तर तेल.

ट्रिगर न दाबता सतत फुसफुस येते. कुठला तरी सील किंवा वॉल्व्ह गेलाय.

गन तेल गाळते. वापरायची थांबवा. पुसून पुढे चालू ठेवायची नाही.

शेपटी मागे जात नाही. बाटली भरलीय, नोजल चुकीचं आहे, किंवा जबड्यांच्या मागची नळी चोंदलीय.

सील आणि आतला पिस्टन खोलायचं काम पहिल्यांदा एकट्याने करू नका. माहितगाराजवळ बसून एकदा बघा.

लागलंच तर

डोळ्यात बारीक धूळ गेली तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा. पण तुकडा रुतलेला दिसत असेल तर धुवायचं नाही, काढायचं नाही, दाबायचं नाही. कागदी कपासारखं काहीतरी डोळ्यावर टेकू न देता वरून झाका, दुसरा डोळाही मिटून ठेवायला सांगा, आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. रुमालाने पुसून, चुंबकाने काढून, 'जाईल संध्याकाळपर्यंत' असं म्हणून कितीतरी डोळे गेलेत.

शेवटचं, आणि सगळ्यात अवघड

तांत्रिक गोष्टी सोप्या आहेत. अवघड काय आहे माहितीय? नवीन असताना "गॉगल द्या" म्हणायचं. सगळे जुने लोक उघड्या डोळ्यांनी काम करतात, आपण मागितला की हसतात. "लई नाजूक आहे रे तू!" मीही ऐकलंय.

त्यांना सांगायला एक गोष्ट देतो. डोळ्यांचं संरक्षण हा लाड नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यातच त्यासाठी वेगळं कलम होतं, पस्तिसावं. एसटी सुरू झाली त्याच वर्षीची ही गोष्ट. म्हणजे तुमच्या आजोबांच्या काळापासून कामगाराचा डोळा ही मालकाची जबाबदारी मानली गेलीय. तरी भांडण नको असेल तर पहिल्या पगाराची वाट न बघता स्वतःचा गॉगल घेऊन जा. दोन घ्या. एक हेल्परला द्या.

आणि सेनगावच्या भावा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत हवं असेल तर हे घे. गन अडकली की वॉल्व्ह बंद, ट्रिगर दाबून हवा रिकामी, पाइप वेगळा. मग नोजल, मग जबडे. मिस्त्री ओरडले तर ओरडू दे. त्यांनाही कुणीतरी कधीतरी पाच मिनिटांतच शिकवलेलं असणार.

उद्या कामावर गेल्यावर फक्त एक करून बघा. वॉल्व्ह बंद करा आणि मग ट्रिगर दाबा. गन किती वेळा हलते ते मोजा, आणि आकडा मला मेसेज करा. एकदा स्वतः मोजलंत की पुन्हा आयुष्यात बंद वॉल्व्हवर विश्वास ठेवणार नाही.

चला, भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या, आणि गॉगल कपाळावर नाही, डोळ्यांवर!